दोन सह्यांचा फॉर्म

सरकारला जास्तीचा कर भरता यावा म्हणून हट्ट धरून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेलच पाहिली. रबरवाले साहेबांनी तीस वर्षं लोकांचे कराचे फॉर्म भरले, त्यांनीही एकच पाहिली. त्यांच्याकडे माणसं येतात ती चार पैसे वाचवायला. कुणी राहत्या खोलीला गोदाम म्हणतं, कुणी पाळलेल्या कुत्र्याचा खर्च पहारेकऱ्याच्या पगारात घालून आणतं. साहेब सगळ्यांना हसतात, चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, "अहो, सरकार म्हातारं आहे, आंधळं नाही." आणि ही काजवाली बाई दरवर्षी समोर बसून म्हणायची, "नको साहेब. आहे तसंच राहू द्या. अर्धं-अर्धं."

काजवाली हा तिचा धंदा, आणि आता तेच तिचं नाव. कपडे धुण्याच्या एका दुकानात, इस्त्रीच्या टेबलाच्या मागे, खिडकीखाली तिचं मशीन आहे. तुटलेल्या चेन बदलायच्या, पँटची लांबी कमी करायची, उसवलेलं शिवायचं, ही रोजची कामं. पण तिची खरी ओळख म्हणजे हाताची काजं. कोटाचं काज हातानं घालणारं आसपासच्या चार रस्त्यांत दुसरं कुणी उरलेलं नाही. मेण लावलेला दोरा, बारीक टाके, एकाला लागून एक, आणि पुरं झाल्यावर बटण असं आत जातं की कोट घालणाऱ्याला वाटावं, आपण मोठे माणूस झालो. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचंच. दुकानाची मालकीण म्हणते, "हिला काही विचारलं की आधी टाचण्या काढून ठेवेल, मग चष्मा काढेल, आणि तोवर मीच विसरते काय विचारलं होतं ते."

अशी कमी बोलणारी बाई. आयुष्यात एकदाच नको तिथं बोलली. त्याचीच ही गोष्ट आहे.

तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. उंच इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या, तारा बघायच्या, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं. अंगाला कायम ग्रीसचा वास. माणूस शांत, पण अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी उभा राहून आतल्यांशी असं काही बोलायचा की आतलं रडणारं माणूस हसायला लागायचं. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर दोघांनी मिळून दोन खोल्यांचं घर घेतलं. कागदावर दोघांची नावं, बरोबर निम्मा-निम्मा वाटा. घर विकणारा म्हणाला होता, "कशाला दोन नावांचा घोळ घालता? पगार तर तुमचाच आहे ना?" तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "तिची काजं पण गेलीत यात. माझ्या तारा तेवढ्या दिसतात, टाके दिसत नाहीत, म्हणून काय झालं?"

आणि त्यांना एक मुलगी होती. बाप तिला घंटी म्हणायचा, कारण ती सकाळी उठली की वाजायला लागायची ती झोपेपर्यंत. आतली छोटी खोली तिची. भिंतींना तिनं असा पिवळा रंग निवडला होता की आई म्हणाली, "डोळे दुखतील गं बाई." घंटी म्हणाली, "मग चष्मा लाव. तुझ्याकडे आहेच."

घंटी एकोणीस वर्षांची असताना गेली. एका संध्याकाळी ताप, डोकं दुखतंय, मान अवघडलीय. आईबापांत बोलणं झालं. दोघांपैकी एक जण म्हणालं, आत्ताच नेऊ. दुसरं म्हणालं, ताप उतरतोय, झोपलीय ती, सकाळी जाऊ. सकाळी नेली. दुपारी बारा वाजता डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी, माणूस चांगलाच होता बिचारा, पण त्यांनी विचारलंच, "कालच का नाही आणलंत?"

काजवालीनं बोट केलं नवऱ्याकडे. "हे म्हणाले, सकाळी जाऊ."

तिथं दीर होता, जाऊ होती, शेजारचे दोघं होते. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. क्षणभरच. मग डॉक्टरांना म्हणाला, "हो. मीच म्हणालो."

आता मी तुम्हाला झाकून काही ठेवत नाही. तो म्हणालाच नव्हता. तो पायांत चपला घालून दारात उभा होता, गाडी बघायला निघाला होता. 'सकाळी जाऊ' असं तीच म्हणाली होती. हे तिला तेव्हाही माहीत होतं, बोट करतानाही माहीत होतं. मग असं का बोलली, म्हणाल तर मला विचारू नका. बुडणारा माणूस जवळच्याच्या खांद्यावर चढतो, तो काय विचार करून चढतो? तिला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. तिनं स्वतःला घातल्यात त्याहून जास्त तुम्हाला सुचणार नाहीत.

नंतर सगळ्या नात्यागोत्यात तेच झालं. बापानं हयगय केली. बापानं अंगावर काढलं. त्याची सख्खी आईसुद्धा त्याला म्हणाली, "तुला तेवढी अक्कल नव्हती का रे?" तो गप्प. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आणि जिनं ते धरायचं ती टाचण्या तोंडात धरून बसलेली.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, "मी थोडे दिवस कंपनीच्या खोलीवर राहतो. कामाच्या ठिकाणाहून जवळ पडतं." भांडण नाही, तंटा नाही. एक बॅग घेऊन गेला. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. पिवळ्या खोलीच्या दारावरून रोज एकटीनं जायचं तिच्यानंही होईना. तिनं धुलाईच्या दुकानाच्या वरची एक खोली घेतली आणि घर भाड्यानं दिलं. विकायचं दोघांच्याही तोंडून निघालं नाही.

घराचं भाडं आलं, म्हणजे उत्पन्न आलं. उत्पन्न आलं, म्हणजे कर आला. आणि अशी ती दोघं पहिल्यांदा रबरवाले साहेबांकडे आली.

साहेबांची कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची दीड खोली. अर्ध्या खोलीत बाक, पूर्ण खोलीत साहेब आणि फायली. डाव्या मनगटावर कायम दहा-बारा रबरबँड, म्हणून ते नाव. बोलता बोलता एकेक रबर काढून कागदांना लावतात. त्यांनी त्या दिवशी तिथला नियम समजावला; आपल्याकडे तो वेगळा असेल. घरात ज्याचा जेवढा वाटा, तेवढं भाडं त्याच्या उत्पन्नात धरायचं. तुमचं निम्मं-निम्मं आहे, तर भाडंही निम्मं-निम्मं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर भाड्याचा दोघांचा मिळून एकच फॉर्म, पण त्यावर दोघांनी माझ्यासमोर सह्या करायच्या. वेगळे राहत असाल तर दोन फॉर्म, आपापला भरा, पोस्टानं पाठवा, यायचीही गरज नाही.

"एकत्र राहता ना?" त्यांनी चौकटीवर पेन टेकवून विचारलं.

काजवालीनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता तो 'नाही' म्हणेल, आणि मग पोस्टाची पाकिटं.

"हो," तो म्हणाला.

साहेबांनी खूण केली. झालं. त्या एका 'हो'वर ती बाई पुढे आठ वर्षं जगली, असं म्हटलं तर ते काही फार वाढवून सांगितलं असं होणार नाही. त्याला विचारायची तिची हिंमत झाली नाही, की तुम्ही खोटं का सांगितलंत. वर्षातून एक दिवस, दोन सह्या, आणि त्या दिवशी बाकावर शेजारी शेजारी बसून पाऊण तास, कधी तास. तेवढाच संसार.

पहिल्या वर्षीच, बाकावर बसल्यावर तिला दिसलं, त्याच्या कामाच्या कोटाचं वरून दुसरं बटण नाही. तिनं काही न बोलता पिशवीतून डबी काढली. सुई, दोरा, बटण. तो कोट न काढताच हनुवटी वर करून बसला, ती जवळ सरकली आणि बटण लावून दिलं. शेवटी दोरा दातानं तोडला. तेव्हा तिचं नाक त्याच्या छातीशी होतं आणि ग्रीसचा तोच वास होता.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच बटण नाही. तिसऱ्या वर्षीही तेच.

आता बघा, जगात कुणालाही फसवा, पण काजवालीला दोऱ्याच्या बाबतीत फसवू नका. दोरा झिजून बटण पडलं तर दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं, कापसासारखं. ब्लेडनं कापलं तर टोक सपाट. तिसऱ्या वर्षी तिनं कोटातले जुन्या दोऱ्याचे तुकडे काढताना बोटावर घेऊन पाहिले. चारही टोकं सपाट. तिनं ते तुकडे डबीत ठेवले आणि नवं बटण लावलं, नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त देऊन. पुढच्या वर्षी त्याला ते कापायला जरा त्रास पडावा म्हणून. एवढीच तिची थट्टा. तीही त्याला कळली की नाही, कोण जाणे.

दरवर्षी साहेब एक विषय काढायचेच. "बाई, तुमची कमाई इतकी कमी की तुम्हाला कर लागतच नाही. यांचा पगार बरा, त्यावर हे निम्मं भाडं चढलं की यांना वरच्या दरानं बसतो. सगळं घर तुमच्या नावावर केलं तर जवळजवळ सगळाच कर वाचेल. नुसतं फॉर्मवर लिहून चालत नाही बरं का. यांनी आपला वाटा तुम्हाला खरोखर द्यायला हवा, बक्षीसपत्र करून. मग भाडं तुमचं, फॉर्म तुमचा, सही एकटीची. यांना यायचीसुद्धा गरज नाही."

झालं, शेवटचं वाक्य आलं की ती पिशवीतली डबी घट्ट धरायची. "नको साहेब. अर्धं-अर्धंच राहू द्या."

"अहो पण नुकसान आहे."

"असू दे."

साहेब लिफ्टवाल्याकडे बघायचे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचा, "ती म्हणते तसं."

"धन्य आहे," साहेब रबर ओढत म्हणायचे. "एक दिवस सरकार तुमच्या घरी येऊन तुम्हाला हार घालेल बघा." सगळे थोडे हसायचे. मग सह्या. आधी ती करायची, कागद डावीकडे सरकवायची, मग तो. मग जिना. खाली उतरल्यावर तो डावीकडे बसथांब्याकडे, ती उजवीकडे दुकानाकडे.

आणि दरवर्षी ती घरून ठरवून निघायची, की आज बोलायचं. 'तुम्ही नव्हता म्हणालात. मी म्हणाले होते.' दोनच तर वाक्यं. खोलीत आरशासमोर म्हणून पाहायची. पण एका वर्षी बाकावर गर्दी. एका वर्षी त्याला खोकला. एका वर्षी तो इतका थकलेला दिसला की म्हटलं, आज नको, पुढच्या वर्षी. तिचंच ते जुनं दुखणं, बघा. आज नको, सकाळी जाऊ. माणसाची खोड काही मेल्याशिवाय जात नाही.

नवव्या वर्षी साहेबांचा फोन आला तो दुकानात. तिच्या हातात गिऱ्हाइकाचा राखी कोट होता, काज कापायची वेळ होती. "बाई, तुमच्या मिस्टरांनी सांगितलंय, या वेळी बक्षीसपत्राचा कागद तयार ठेवा. अखेर शहाणपण सुचलं म्हणायचं! गुरुवारी अकरा वाजता या."

"कुणी सांगितलं?"

"मिस्टरांनीच. नोकरीतून मोकळे होतायत ना ते. त्यांच्या बहिणीकडे जाणार आहेत म्हणाले, कायमचे. तिकडून दरवर्षी येणं जमायचं नाही. तुम्हाला माहीत असेलच."

"हो," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि काज कापलं. बटणापेक्षा चांगलं पाव बोट मोठं गेलं. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालकीण धावत आली, "अगं, काय केलंस हे? बरं वाटत नाही का?" तिनं टाचण्या तोंडातून काढून टेबलावर एकेक करून ठेवल्या आणि बोलायला गेली तर रडूच आलं. राखी कोटावर सगळं पाणी.

गुरुवारी ती साडेदहालाच जाऊन बसली. डबीत काळं, चार भोकांचं बटण घेतलं होतं, दोरा मेण लावून ठेवला होता. अकराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. गुडघे गेले होते त्याचे. तो वर आला.

त्याच्या अंगात नवं जॅकेट होतं. निळं, चेनचं. बटणाचं नावच नाही.

तिनं डबी पिशवीत खाली ढकलली. तो शेजारी बसला. "कशी आहेस?"

"बरी आहे. नवीन घेतलंत?"

"कंपनीचा कोट परत करावा लागला," तो म्हणाला. "निरोप देताना हे दिलं सगळ्यांनी. उबदार आहे."

"चेन हलकी वाटतेय. वर्षभरात जाईल," ती म्हणाली, आणि स्वतःचाच राग आला तिला. इथं जन्माचं तुटत होतं आणि ही बया चेनला नावं ठेवत बसली.

साहेबांनी आत बोलावलं. आनंदात होते ते, त्यांच्या हिशेबानं नऊ वर्षांनी एक आडमुठं गिऱ्हाईक सरळ झालं होतं. कागद काढला, वाचायला लागले. अमुक घर, अमुक चौरस फूट, माझा अविभक्त निम्मा हिस्सा, "माझ्या पत्नीस, तिच्यावरील नैसर्गिक प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता..." ते थांबले. "हे सगळ्यांच्या कागदात असतं हं. छापीलच आहे. नको असेल तर दुसऱ्या शब्दांत घालू."

"असू द्या," लिफ्टवाला म्हणाला.

काजवालीला आता दिसेनासं झालं. "साहेब," ती म्हणाली, "मला यांच्याशी बोलायचंय."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. तीस वर्षं लोकांच्या घरातली गुपितं फायलीत लावलेला माणूस, त्याला कळलं. त्यांनी एक नको असलेला कागद उचलला. "मी खालून याची झेरॉक्स काढून आणतो. गर्दी असते खाली. वेळ लागेल."

दार लागलं. खालून झेरॉक्सच्या मशीनची घरघर येत होती.

"त्या संध्याकाळी," ती म्हणाली, "सकाळी जाऊ, असं तुम्ही नव्हता म्हणालात. तुम्ही तर चपला घालून उभे होतात. मी म्हणाले होते. मीच म्हटलं, झोपू दे तिला."

निघालं एकदाचं. नऊ वर्षं आरशाला सांगितलेलं, माणसाला सांगून झालं. तिला वाटलं होतं, तो दचकेल, ओरडेल, टेबलावर हात आपटेल. मारलं असतं तरी तिनं खाल्लं असतं.

"हो," तो म्हणाला.

"हो काय?"

"माहीत आहे मला. मी होतो ना तिथं."

खरंच की. तो होताच की तिथं! नऊ वर्षं ती हे एकटीचं गुपित म्हणून उरावर घेऊन फिरत होती, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला ते पहिल्या क्षणापासून माहीत होतं. त्याला काय माहीत नव्हतं? दुःखात माणूस इतकं साधं विसरतं.

"मग डॉक्टरांपुढे 'मीच म्हणालो' असं का म्हणालात? सगळ्यांसमोर?"

तो नखातलं ग्रीस अंगठ्यानं खरवडत बसला. नोकरी संपली तरी ते काही जात नाही. "तू बोट केलंस ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. मी 'नाही' म्हणालो असतो तर तू तिथंच संपली असतीस. एका दिवसात दोघी... मला नसतं जमलं गं."

"आणि मग सोडून गेलात ते?"

"रोज समोरासमोर राहायचं म्हणजे कधीतरी भांडण होणार. आणि भांडणात माझ्या तोंडून ते निघालं असतं. आपलंच तोंड, त्याचा काय भरवसा? म्हणून म्हटलं, लांब असलेलं बरं."

ती रडायला लागली. हुंदके देऊन, तोंडावर पदर न घेता.

"सगळ्यांनी तुम्हाला बोल लावला," ती म्हणाली. "तुमच्या आईनंसुद्धा. जाईपर्यंत बोलल्या नाहीत तुमच्याशी. मी ऐकत होते. मी सांगते आता सगळ्यांना. माझं माझ्यावर घेते. निम्मं तरी द्या मला."

"आता कुणाला सांगतेस? निम्मे गेले, निम्मे विसरले. राहू दे. अंगवळणी पडलंय माझ्या."

"मग राहा ना इथं." तिनं त्याच्या जॅकेटची बाही धरली. "आता काय भीती आहे? निघालं की तोंडातून. आता काय राहिलंय लपवायचं? भाडेकरूला सांगते मी घर सोडायला. दोघं राहू. त्या खोलीचा रंगसुद्धा मी कुणाला बदलू दिलेला नाही."

तो जॅकेटची चेन खाली-वर करत बसला. तिला वाटलं, विचार करतोय. तिला आशा वाटली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या बाईच्या वाट्याला आशेचे तेवढे दोन-तीन क्षण आले.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तू म्हणालीस ते तू म्हणालीस. तुला वाटलं तसं तू बोललीस. पण मी निघालो होतो ना? पायांत चपला होत्या. मग ऐकलं का मी तुझं? चपला काढून परत आत का आलो? लोक बोल लावत होते तो चुकीच्या गोष्टीला लावत होते, एवढंच. ते तुझं नाही, ते माझंच आहे. तुला बघितलं की त्या काढलेल्या चपला दिसतात मला. इथून गेलो की महिना महिना झोप नाही लागत. तरी येत होतो. पण आता वय झालं, आता नाही झेपत."

तिनं बाही सोडली. तो तिच्यावर रागावलेला असता तर तिनं पाय धरले असते. ज्याला आपला राग नाही, त्याची माफी कशी मागायची?

साहेब जिन्यात मोठ्यांदा खोकत वर आले. त्यांनी कागद पुढे ठेवला. या वेळी आधी त्यानं सही केली, देणारा म्हणून. मग तिनं, घेणारी म्हणून. साहेबांनी मनगटावरचं रबर काढून कागदांना लावलं आणि सवयीनं सांगायला गेले की किती कर वाचला, पण दोघांची तोंडं बघून गप्प बसले. "या," एवढंच म्हणाले.

तो पुढे, ती मागे. जिन्याच्या मधल्या वळणावर ती म्हणाली, "थांबा."

"काय?"

"चेन उघडा."

त्यानं काही न विचारता चेन खाली ओढली. तिनं डबी काढली. जॅकेटची डावी बाजू उलटवून, आतल्या अस्तरावर, छातीच्या खिशाच्या वर तिनं ते काळं बटण धरलं आणि लावायला लागली. तो कठड्याला धरून हनुवटी वर करून उभा राहिला, दरवर्षी बसायचा तसा. खालून कुणीतरी आलं, दोघांना बघून अंग चोरून वर गेलं.

"याला काज नाही," तो म्हणाला.

"नसू दे."

चार भोकांतून दोनदा, तीनदा, चारदा. वर वेढे. मग वाकून तिनं दोरा दातानं तोडला. ग्रीसचा वास नव्हता. नव्या कापडाचा होता.

"पडलं तर या," ती म्हणाली. "केव्हाही या. फॉर्म नसला तरी."

त्यानं दोन बोटांत बटण धरून ओढून पाहिलं, लिफ्टची तार ओढून बघायचा तसं. मग पहिल्यांदाच, त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच, तिच्याकडे सरळ बघून हसला.

"तू लावलेलं बटण कधी आपलं आपण पडलंय का गं?"

तिनं मान हलवली. नाही.

"गेल्या वर्षी तर कात्रीनंही तुटेना. करवत आणायला निघालो होतो मी." हसू राहिलं नाही तोंडावर फार वेळ. त्यानं जॅकेट सारखं केलं, बटणावरून एकदा हात फिरवला. "हे मात्र मी तोडणार नाही."

त्यानं चेन गळ्यापर्यंत ओढली आणि एकेक पायरी उतरत खाली गेला. ती उतरली तेव्हा तो बसथांब्याच्या दिशेनं बराच पुढे गेला होता. तिला उजवीकडे जायचं होतं. राखी कोटाचं काज अजून दुरुस्त व्हायचं होतं आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.